बुचाची मूठ

गोरक्षराव शेवाळे यांचा दिवस तळहातांच्या दर्शनाने सुरू होत असे. अंथरुणावर उठून बसल्यावर, पाय जमिनीला लावण्यापूर्वी, ते दोन्ही हात जुळवून डोळ्यांसमोर धरीत आणि सटाण्याच्या घरी आजोबांनी शिकवलेला प्रभातश्लोक ओठांतल्या ओठांत म्हणत. हातांविषयी त्यांच्या मनात जो आदर होता तो नुसता संस्कारातून आलेला नव्हता. सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी उभे आयुष्य लेथ यंत्रावर काढले होते. केसाच्या जाडीहूनही बारीक फरक त्यांच्या बोटांना यंत्राआधी कळे. निवृत्तीनंतर मुलगा मयूर याने त्याच औद्योगिक वसाहतीत छोटेसे वर्कशॉप टाकले, तेव्हाही अवघड काम आले की तो वडिलांसाठी लेथ मोकळा करून बाजूला उभा राही.

गेल्या वर्षभरात मात्र श्लोक म्हणताना त्यांची दृष्टी उजव्या तळहातावर ठरत नव्हती.

त्याला कारण घडले होते. एका पावसाळ्यात स्कूटर घसरून त्यांचे उजवे मनगट मोडले. यथाकाल प्लास्टर निघाले, हाड जुळून आले. दाबायला एक रबरी चेंडू देऊन डॉक्टरांनी हात पूर्वीसारखा होईल असा निर्वाळा दिला, आणि गोरक्षरावांनी तो मानलाही. त्या दिवाळीला मयूरने त्यांना मासेमारीची नवी काठी भेट दिली. तोवर ते आणि त्यांचे कारखान्यातले जुने स्नेही निजामभाई, दोघेही बांबूच्या काठ्यांवर समाधानी होते. गोरक्षरावांच्या बांबूला मुठीच्या जागी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली असे. नवी काठी कार्बनची, काळीभोर. त्यांनी ती इतक्या निगुतीने जपली की महिने लोटले तरी ती आणल्या दिवसासारखी चकचकीत राहिली.

मग फाल्गुनातल्या एका रविवारी, गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर, त्या काठीला पहिल्यांदाच मोठी मरळ लागली. पाण्यात स्फोट व्हावा तसा आवाज झाला, काठी वाकली, आणि गोरक्षराव दोन पावले पुढे सरसावतात न सरसावतात तोच ती त्यांच्या मुठीतून सुळकन निघून गेली. लव्हाळ्यांपर्यंत ती पाण्यावरून ओढली जाताना दिसली, मग दिसेनाशी झाली.

काठी गेल्याचे दुःख त्यांना फारसे झाले नाही. आपली मूठ आपल्याला सोडून गेली, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागले. त्या दिवसापासून ते चहाचा कप डाव्या हाताने धरू लागले. स्कूटर दारात उभी राहिली. मयूरच्या वर्कशॉपमध्ये ते जात, पण दाराशी खुर्ची टाकून आल्यागेल्याशी बोलत बसत. लेथच्या चाकाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. विंचूरच्या एका वायनरीतून पंपाचा पितळी बुश, दांड्याभोवती बसणारी नळी, घडवण्याचे काम आले होते. मयूरने त्यासाठी आणलेला पितळेचा दंडगोल वडिलांसमोर धरला आणि म्हटले, “बाबा, हे तुमच्या हातचं काम आहे.”

“माझ्या हातचं होतं,” गोरक्षराव म्हणाले. “आता दुसऱ्या कोणाला तरी दे.”

मयूरने तो कोणाला दिला नाही. वायनरीकडून मुदत वाढवून घेतली आणि पितळेचा तुकडा लेथजवळच्या फळीवर ठेवून दिला. येता-जाता वडिलांची नजर त्याच्यावर पडत असे.

हे सारे निजामभाई पाहत होते, आणि पुन्हा फाल्गुन लागल्यावर त्यांना ते सोसेना. एका सकाळी ते येऊन ओट्यावरूनच ओरडले, “भाभी, तुमच्या नवऱ्याला बाहेर काढा. काठी घ्यायला चाललोय आम्ही.”

झुंबरबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या निफाडकडच्या, नाशिकात इतकी वर्षे काढूनही त्यांच्या बोलण्यातला गाव गेला नव्हता. “काढा म्हंजे? त्येंना काय म्या कुलपात घातलंय? कव्हर घालून बसवलंय तेवढं.”

निजामभाई मनापासून हसले, कारण त्या घरातली कव्हरे साऱ्या आळीला ठाऊक होती. वस्तूचे नवेपण राखणे हा गोरक्षरावांचा धर्मच होता. टूलरूममध्ये ते मोजमापाचे व्हर्नियर तेलाचा हात देऊन, कागदात गुंडाळून ठेवीत. घरी तीच निष्ठा टीव्हीच्या रिमोटपर्यंत पोचली होती. सोफ्यावरचे प्लॅस्टिक खरेदीच्या दिवशीचे होते, फ्रिजच्या मुठीवरचे फाटले तेव्हा नवे चढले होते, आणि स्कूटरच्या सीटवर बसणाऱ्याला उन्हाळ्यात चटके बसत.

“आख्ख्या घरात बिनकव्हरची म्या एकलीच,” झुंबरबाई म्हणाल्या. “जा हो तुम्ही. भाईजान एवढं म्हणत्यात तर.”

“काठी घेऊन करू काय?” गोरक्षराव म्हणाले. “पाण्यात सोडू?”

“मागची सोडली तर धरण काही भरलं नाही,” निजामभाई म्हणाले. “ऊठ, गोरखनाथा.”

भद्रकालीच्या बाजारात, जाळी आणि दोर विकणाऱ्यांच्या ओळीत, गळांचे एक अरुंद दुकान होते. मालक अलीकडे गुडघ्यांमुळे घरीच असत आणि त्यांची मुलगी अदिबा दुकान चालवी. भिंतीला टेकून काठ्या उभ्या होत्या, एखाद्या मंदिरात ध्वज उभे असावेत तशा, आणि गोरक्षरावांना आत पाऊल टाकताना नकळत चपला काढाव्याशा वाटल्या.

“चाचा, आज बऱ्याच दिवसांनी,” अदिबा निजामभाईंना म्हणाली. “गळ देऊ की गप्पा?”

“रॉड दे. मला नाही, ह्याला. आणि असा दे बेटी की पळून जाणार नाही. मागचा ह्याला सोडून मरळीबरोबर गेला.”

गोरक्षरावांची मान खाली गेली. अदिबाने ते पाहिले आणि त्या थट्टेला तिथेच राहू दिले. तिने चार काठ्या काढून काउंटरवर आडव्या ठेवल्या. “काका, हे बासचे रॉड. बास हा तिकडचा, अमेरिकेतला मासा. आपल्याकडे तो नाही, पण हे रॉड मरळीला एकदम बरोबर बसतात. ताकद सगळ्यांची जवळजवळ सारखीच आहे. फरक सगळा मुठीत आहे.”

“बास म्हणजे तर पुरे!” निजामभाई म्हणाले. “पुरे म्हणायच्या आधी मासा लागला पाहिजे.”

“चाचा, तुम्ही स्टुलावर बसा.”

गोरक्षरावांनी पहिली काठी उचलली. तिची मूठ काळ्या फोमची होती, जाड आणि इतकी मऊ की अंगठा रुतावा. निजामभाईंनी लगेच कौल दिला. “हीच घे. गादीसारखी आहे. दुखऱ्या हाताला आणखी काय पाहिजे?”

गोरक्षरावांनाही क्षणभर तसेच वाटले. अदिबाने काठीच्या टोकाकडून येणाऱ्या दोरीला पाण्याने भरलेली बाटली बांधली. “आता उचलून धरा, काका. मासा नुसता धरायचा नसतो, धरून ठेवायचा असतो.”

त्यांनी उचलली. बाटली जमिनीपासून वर आली आणि झुलू लागली. मुठीचा फोम दाबला जात होता, पण बोटे आवळली तरी अंगठ्यापर्यंत पोचत नव्हती. थोड्या वेळाने मनगटात ओळखीची कळ उठली. त्यांनी बाटली खाली टेकवली आणि काठी परत ठेवली.

दुसऱ्या काठीची मूठ दोन तुकड्यांत होती, मध्ये नुसती उघडी दांडी. ती वजनाला हलकी होती, पण डाव्या हाताला कुठे विसावावे ते कळेना. तिसरीची रबरी मूठ कमालीची बारीक. तिच्यावर बोटे एकमेकांवर चढत आणि नखे तळव्यात रुतत.

चौथी बुचाची होती. बाटलीच्या बुचासारख्याच, गव्हाळ रंगाच्या चकत्या एकापुढे एक चिकटवून, घासून, मधोमध किंचित फुगीर अशी ती मूठ घडवली होती. दुकानात येणाऱ्या कितीतरी लोकांनी हाताळल्यामुळे तिला मऊसर तकाकी आली होती.

गोरक्षरावांनी ती हातात घेतली, आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. शिकाऊ असताना त्यांच्या उस्तादांनी त्यांना कानशीला लाकडी मूठ बसवायला शिकवले होते. विकत आणलेली मूठ तशीच ठोकायची नाही. ती आपल्या हाताच्या मापाने तासायची. बोटांची टोके अंगठ्याच्या बुडाला नुसती स्पर्श करतील, दाबणार नाहीत, इतकीच ठेवायची. मग दिवसभर घासले तरी हात थकत नाही. ती विद्या त्यांनी पुढे कित्येकांना दिली होती, आणि आज ती त्यांच्याकडे परत येत होती. तळव्याच्या खळग्यात बुचाचा फुगवटा येऊन बसला. बोटे वळली आणि जिथे टेकायला हवीत तिथेच टेकली.

“बांध ग बाटली,” ते म्हणाले.

बाटली वर आली. ती प्रथम झुलली, मग झुलायची थांबली. त्यांनी काठी छातीपर्यंत नेली, उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली. मनगट गप्प होते. बाहेरची रहदारी, भाजीवाल्याची आरोळी, निजामभाईंचे खाकरणे, यांपैकी काही त्यांना ऐकू येत नव्हते.

“अल्ला,” निजामभाई हळूच म्हणाले. “हा तर जुना गोरक्ष.”

अदिबाने आतून त्याच काठीचा कोरा नग आणला. त्याच्या मुठीवर कारखान्यातून आलेले पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट बसलेले होते. “हे काढून देऊ, काका?”

“नको, नको!” गोरक्षरावांनी काठी जवळजवळ हिसकावूनच घेतली. “नवी वस्तू आहे. राहू दे.”

घरी झुंबरबाईंनी काठीला हळदकुंकू लावले, ओवाळले, आणि मुठीवर उमटलेले बोटांचे ठसे पुसून टाकले. कव्हरामुळे डाग पडला नाही याचे गोरक्षरावांना समाधान वाटले. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

रविवारी उजाडता उजाडता दोघे धरणाच्या मागच्या पाण्यावर पोचले. मासेमारीच्या ठेकेदाराचे पास निजामभाईंच्या खिशात होते. पाण्यावर धुके विरळ होत होते, पलीकडच्या काठाला द्राक्षांच्या बागांची हिरवी रेघ उमटत होती, आणि लव्हाळ्यांत कुठेतरी मरळ हवा घ्यायला वर येऊन गेल्याचा डुबुक असा आवाज झाला. गोरक्षरावांनी गोदामाईला नमस्कार केला, दोरीच्या टोकाला आमिषाचा रबरी बेडूक बांधला आणि हात पाण्यात बुडवून डोळ्यांना लावले. मग त्यांनी काठी मागे नेऊन पुढे झोकली.

काठी मुठीत गर्रकन फिरली. बेडूक लव्हाळ्यांऐवजी त्यांच्याच पायांपाशी पाण्यात पडला.

“पहिला देवाला,” निजामभाई म्हणाले.

दुसऱ्या वेळी बोटे आवळली. काठी पुन्हा फिरली आणि या वेळी पुढे सरकलीही. डाव्या हाताने तिचे बूड धरले म्हणून वाचली. तिसऱ्या वेळी गोरक्षरावांनी फेकलीच नाही. ते तसेच उभे राहिले. दुकानात हा हात स्थिर होता. दुकानात जमले ते पाण्यावर का जमू नये? त्यांना एकच उत्तर सुचले. मासा नसताना, भय नसताना हात गप्प राहतो. पाण्यावर आला की आपले खरे रूप दाखवतो. फळीवरचा पितळेचा तुकडा त्यांच्या डोळ्यांपुढे आला, आणि तो आता कायमचा तिथेच राहणार हेही त्यांना दिसले.

ते निजामभाईंजवळ गेले आणि काठी पुढे केली. “घे. तूच फेक. मी बसतो.”

“अरे, पण...”

“निजाम, माझा हात संपला. आता वाद नको.”

तीस-पस्तीस वर्षांच्या सोबतीत गोरक्षरावांनी त्यांना नुसते निजाम क्वचितच म्हटले होते. निजामभाई उठले. आमिषाचा डबा धुतलेले हात त्यांनी लुंगीला ओझरते पुसले, काठी घेतली, आणि आपल्या सवयीप्रमाणे सारे अंग झोकून फेकली.

काठी त्यांच्या हातातून सटकली. ती पाण्याकडे झेपावली असती, पण निजामभाईंचे पोट आड आले. दोन्ही हातांनी तिला पोटाशी कवटाळत ते चिखलात मट्कन बसले.

“या खुदा! गोरक्ष, मुठीला साबण लावून आणलाय का रे?”

गोरक्षराव धावत आले. निजामभाईंच्या दंडात अजून पोते उचलण्याची ताकद होती. त्यांच्या हाताला कधी काही झाले नव्हते. आणि तो हात सुटला होता. निजामभाईंनी मूठ डोळ्यांजवळ नेली, नखाने खरवडली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“हे काय आहे?”

“कव्हर आहे.”

“कव्हर!”

“खराब होऊ नये म्हणून.”

“अरे बाबा, बूच धरायला दुकान पालथं घातलंस आणि धरतोयस प्लॅस्टिक? ओल्या हाताने? हिला काय रेनकोट घालून पोहायला आणलंय?”

गोरक्षरावांनी काठी घेतली. त्यांना काहीतरी आठवू लागले होते. मयूरने दिलेली काळी काठी. दर खेपेनंतर ते तिची मूठ ओल्या फडक्याने पुसत, आणि फडके काचेवरून फिरावे तसे फिरे. कधीही डाग नाही, कधीही धूळ नाही.

“निजामभाई,” ते सावकाश म्हणाले, “मागच्या काठीलाही कव्हर होतं.”

“काय?”

“मीच ठेवलं होतं.”

निजामभाई चिखलात बसल्याबसल्याच त्यांच्याकडे पाहत राहिले. “म्हणजे वर्षभर तू...” त्यांचे पोट आधी हलू लागले, मग खांदे, आणि मग ते जे हसत सुटले ते थांबेचनात. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. गोरक्षरावांच्या डोळ्यांत पाणी आले होते. तेही हसत होते की दुसरे काही करत होते हे त्यांचे त्यांनाच कळत नव्हते. वर्षभर ज्या हातावर त्यांनी ठपका ठेवला तो निर्दोष होता. तो धरायला तयार होता, आणि त्यांनीच त्याला वस्तूपर्यंत पोचू दिले नव्हते.

उजव्या अंगठ्याचे नख त्यांनी प्लॅस्टिकच्या कडेखाली घातले. ते घट्ट बसले होते, त्यावर पुसायचा राहिलेला कुंकवाचा वाळका ठिपका होता. एकदा नख सुटले, दुसऱ्यांदा पकडले, आणि एका दमात, कांद्याचा पापुद्रा सोलावा तसे, ते सारे कव्हर वरपासून खालपर्यंत निघून आले. त्यांनी ते चुरगळून खिशात घातले. उघड्या बुचाचा मंद, लाकडी गंध आला. त्यांनी मूठ कपाळाला लावली.

या वेळी काठी मुठीत हलली नाही. बेडूक उंच गेला आणि लव्हाळ्यांच्या कडेला, हवा होता त्याच जागी, टपकन उतरला. गोरक्षरावांनी रीळ दोन वेढे फिरवले. बेडकाने उडी मारली, थांबला, पुन्हा उडी मारली.

पाणी फुटले.

“लागली!” निजामभाई ओरडले. “सोडू नकोस!”

“सोडतोय कशाला!” गोरक्षराव म्हणाले, आणि आपल्याच आवाजातला दणका ऐकून त्यांना नवल वाटले.

मरळ खाली गेली, लव्हाळ्यांच्या मुळांकडे. काठीचे टोक पाण्याला टेकले. त्यांनी कोपर बरगडीशी टेकवले आणि हाताला जे हवे ते करू दिले. मासा ओढी तेव्हा बोटे आपोआप घट्ट होत, तो दमे तेव्हा सैल. लेथवर पोलाद कापताना हत्याराची थरथर जशी चाकातून तळव्यात येत असे, तशीच त्या जिवाची प्रत्येक कलाटणी बुचातून त्यांच्यापर्यंत येत होती. मनगटात कळ उठली, आणि ती त्यांनी येऊ दिली. ती श्रमाची होती. असल्या कळा त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. एकदा मरळीने पूर्ण उसळी घेतली, काळी पाठ आणि पांढरे पोट उन्हात लखलखले, आणि निजामभाईंनी अल्लाचे आणि भद्रकालीचे नाव एकाच श्वासात घेतले.

बऱ्याच वेळाने ती काठाला आली. निजामभाईंनी कंबरेइतक्या पाण्यात जाऊन तिच्याखाली जाळे घातले. दंडाएवढी जाड, शेंदरी छटेच्या कल्ल्यांची ती मरळ गवतावर पसरली तेव्हा दोघेही तिच्यापुढे काही क्षण मान लववून उभे राहिले. मग गोरक्षरावांनी ती उचलली. उजव्या हाताने, एकट्या उजव्या हाताने.

घरी झुंबरबाईंनी आधी मासा पाहिला, मग नवऱ्याचा हात पाहिला आणि मग खिशातून डोकावणारे चुरगळलेले प्लॅस्टिक. निजामभाईंनी सगळी हकीकत हावभावांसह सांगितली. ती झुंबरबाईंनी शेवटपर्यंत ऐकली. त्या आत गेल्या, सोफ्यावरचे प्लॅस्टिक दोन्ही हातांनी धरले आणि टरटर फाडून काढले.

“बसा आता माणसावाणी,” त्या म्हणाल्या. “म्या कालवण टाकते.”

सोमवारी सकाळी स्कूटर सातपूरच्या रस्त्याला लागली. तिची सीट उघडी होती. वर्कशॉपच्या दारातली खुर्ची गोरक्षरावांनी भिंतीकडे सरकवली, फळीवरचा पितळेचा दंडगोल उचलून लेथच्या पकडीत, चकमध्ये, बसवला आणि किल्लीने आवळला. वडिलांकडे पाहून मयूर नेहमीच्या जागी, एक पाऊल मागे, जाऊन उभा राहिला.

यंत्र सुरू झाले. लेथच्या चाकावर गोरक्षरावांचा उजवा हात होता. पितळेच्या सोनेरी कुरळ्या बटा निघून तळाशी साचू लागल्या, आणि त्यांच्या झळाळीने मयूरचा चेहराही उजळला. शेवटचा हात फिरवून त्यांनी लेथ थांबवला, माप घेतले नाही, फक्त बुशवरून तर्जनी फिरवली.

“बघ,” ते म्हणाले.

मयूरने मापयंत्र लावले, पाहिले, पुसले आणि पुन्हा लावले.

“बाबा,” तो म्हणाला, “एक केसभरही कमी-जास्त नाही.”

“ते मला कळलं,” गोरक्षराव म्हणाले, आणि फडक्याला हात पुसून त्यांनी टेबलावरचा चहाचा कप उजव्या हाताने उचलला. “विंचूरला फोन लाव. म्हणावं, घेऊन जा.”